जुनी मराठी पुस्तकं डिजिटल करताय? आधी फाइल फॉरमॅटचं ठरवा

जुनं पुस्तक स्कॅन करायचं म्हटलं की सगळे पहिला प्रश्न स्कॅनरचा विचारतात, कुठला घेऊ, केवढ्याला पडेल, फोनने भागेल का, आणि फॉरमॅटचं काय तर "पीडीएफ करू ना" एवढ्यावर विषय संपतो. पण वीस वर्षांनी ते पुस्तक उघडणार का, आणि उघडलंच तर त्यात एखादा शब्द शोधता येणार का, हे स्कॅनरवर नाही तर फॉरमॅटवर ठरतं. आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचं. त्या काळात छापलेलं पुस्तक आज हातात घेतलं तर पानं पिवळी पडलेली असतील, कडा तुटत असतील, पण वाचता येतं. आणि 1998 साली पेजमेकरमध्ये, म्हणजे छपाईची पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, लावलेलं पुस्तक, ज्याची फाइल प्रेसवाल्याने सीडीवर जपून ठेवलीय, ते आज आपल्या लॅपटॉपवर उघडतसुद्धा नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, छोट्या वाचनालयांसाठी, सोसायटीच्या लायब्ररीसाठी आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांनी जमवलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत त्यांच्यासाठी.

कुठलाही फॉरमॅट निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: हे सॉफ्टवेअर, ही कंपनी आणि हा फॉन्ट उद्या नसला तरी फाइल उघडेल का? अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस फॉरमॅट तपासताना जे निकष लावते तेही याच वळणाचे आहेत, म्हणजे फॉरमॅटची रचना उघडपणे लिहून ठेवलीय का, तो किती लोक वापरतात, पेटंट किंवा कॉपी करू न देणारं कुलूप आहे का, बाहेरच्या कशावर अवलंबून आहे का. हे प्रश्न कागदी वाटत असतील तर मायक्रोसॉफ्टचं ई-बुक स्टोअर बघा, ते 2019 मध्ये बंद झालं, कंपनीने पैसे परत दिले पण लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली, कारण कुलपाची किल्ली त्यांच्या सर्व्हरवर होती. किंडलचा मोबी हा ई-बुक फॉरमॅट घ्या, 2022 मध्ये अॅमेझॉनने स्वतःच सेंड-टू-किंडलमधून मोबीला निरोप द्यायचं जाहीर केलं आणि ईपब हा खुला ई-बुक फॉरमॅट घ्यायला लागले. आणि हो, गुगल डॉक्सवर टाइप केलेलं पुस्तक ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइलसारखं दिसतं खरं, पण ती फाइल म्हणजे नुसती लिंक असते, मजकूर त्यात नसतोच, तेव्हा ते फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून बॅकअप झाला असं समजू नका, डाउनलोड करून वर्डची (.docx) किंवा लिबरऑफिसची (.odt) फाइल करून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. एका पुस्तकाची एकच फाइल करायची हा हट्ट सोडा. पानाचं चित्र वेगळं, वाचायची प्रत वेगळी आणि मजकूर वेगळा ठेवायचा, कारण तिन्हीची कामं वेगळी आहेत आणि एकच फॉरमॅट तिन्ही कामं नीट करत नाही.

पानाच्या चित्रासाठी, म्हणजे मास्टर कॉपीसाठी, टिफ. हा फॉरमॅट 1986 चा, त्याची 6.0 ही आवृत्ती 1992 ची, आणि आजही जगभरच्या लायब्ऱ्या तोच वापरतात. इतका जुना फॉरमॅट कशाला असं वाटू शकतं पण इथे जुनं असणं हीच जमेची बाजू आहे, तो उघडणारी इतकी सॉफ्टवेअर आहेत की एक बंद पडलं तरी काही अडत नाही. प्रत्येक पानाची वेगळी टिफ, कम्प्रेशन नको किंवा एलझेडडब्ल्यू, त्याने फाइल थोडी लहान होते आणि चित्रातलं काहीही जात नाही. जागेचा हिशोब आधीच करून ठेवा: डेमी साइजचं पान, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, 300 डीपीआयला (म्हणजे एका इंचात 300 ठिपके) कलरमध्ये कम्प्रेशन न करता साडेबारा एमबीच्या आसपास जातं, म्हणजे 200 पानी पुस्तक अडीच जीबी आणि एक टीबीच्या डिस्कवर साधारण 400 पुस्तकं. 400 डीपीआयला तेच पान 22 एमबी. जुन्या लेटरप्रेसच्या बारीक टाइपाला आणि तळटिपांना मी 400 च घ्या म्हणेन, कारण आपल्या लिपीत अनुस्वाराचा ठिपका, रफार, उकाराची शेपटी इतकी बारीक असते की 200 डीपीआयला ठिपका आणि कागदावरचा डाग यातला फरक कळत नाही. आणि स्कॅन कलरमध्येच करा. पुस्तक काळ्या शाईचं असलं तरी त्यावर वाचनालयाचा जांभळा शिक्का असतो, कुणी पेन्सिलीने समासात काही लिहिलेलं असतं, देणगीदाराची सही असते, ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये यातलं निम्मं पुसून जातं आणि ते परत आणता येत नाही.

जेपीजीचं काय? जेपीजी प्रत्येक वेळी सेव्ह करताना थोडा तपशील टाकून देतो, अक्षरांच्या कडेला ती धुरकट किनार दिसते ना ती त्यामुळेच, म्हणून मास्टर कॉपीला जेपीजी नको. पण फोनने काढलेले फोटो आधीच जेपीजी असतील तर त्यांची टिफ करून दर्जा वाढत नाही, फक्त जागा खाते, तेव्हा कॅमेऱ्यातून आली तशी मूळ फाइल जपा आणि क्रॉप-बिप जे करायचं ते कॉपीवर करा. आयफोनवाल्यांनी सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा फॉरमॅट बदलून मोस्ट कम्पॅटिबल करून घ्या, नाहीतर एचईआयसी फाइल येतात आणि त्या पेटंटच्या भानगडीत अडकलेल्या आहेत. आणि कळकळीची विनंती, पानांचे फोटो व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते चित्र दाबून लहान करून टाकतं, पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पीएनजी चालतं, त्यातही काही जात नाही. जेपीजी 2000 मोठ्या लायब्ऱ्या वापरतात, लॉसलेस ठेवूनही जागा बरीच वाचते, पण साध्या कम्प्युटरवर पटकन उघडत नाही म्हणून छोट्या वाचनालयाने त्याच्या नादी लागू नये असं माझं मत.

वाचायची प्रत म्हणजे पीडीएफ, पण साधी पीडीएफ नाही, पीडीएफ/ए. पीडीएफ अॅडोबीने 1993 मध्ये आणली आणि 2008 मध्ये ती आयएसओ स्टँडर्ड झाली. पीडीएफ/ए हा तिचा जपणुकीसाठीचा कडक प्रकार, आयएसओ 19005, पहिला भाग 2005 चा. यात सगळे फॉन्ट फाइलच्या आतच असावे लागतात, पासवर्ड चालत नाही, जावास्क्रिप्ट चालत नाही. लिबरऑफिसमध्ये एक्स्पोर्ट अॅज पीडीएफ केलं की पहिल्याच टॅबवर आर्कायव्हल म्हणून टिकबॉक्स आहे, वर्डमध्येही सेव्ह करताना ऑप्शन्समध्ये सापडतो. स्कॅन केलेल्या पानांसाठी ओसीआरमायपीडीएफ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टेसरॅक्ट हे दुसरं सॉफ्टवेअर वापरून मराठी ओसीआर करतं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवतं, चित्रामागे मजकुराचा अदृश्य थर घालतं आणि काही न सांगता पीडीएफ/ए-2बी बनवून देतं. भाषा मात्र मराठी निवडा, नुसती हिंदी ठेवली तर ळ आणि ऱ्य वगैरेवर जास्त चुका होतात.

इथे एका गोष्टीवर थांबतो कारण ती खरंच धोक्याची आहे. पीडीएफ लहान करण्यासाठी जेबिग2 नावाचं कम्प्रेशन वापरतात, आणि त्याचा लॉसी प्रकार काय करतो तर पानावरची सारखी दिसणारी अक्षरं शोधतो आणि सगळीकडे एकाच अक्षराचं चित्र चिकटवतो. 2013 मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संशोधकाने दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही मशिनवर स्कॅन केलेल्या नकाशांत आणि तक्त्यांत 6 चा 8 होतोय, आणि कळीची गोष्ट म्हणजे आकडा अजिबात धूसर नाही, स्वच्छ, ठळक, आणि चूक. आता आपल्या घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष यांच्याकडे बघा, बारीक टाइपात एका रेघेचाच फरक. धूसर अक्षर वाचकाला संशय तरी आणतं, हे आणत नाही. म्हणून स्कॅनर किंवा पीडीएफ सॉफ्टवेअरमध्ये "सर्वात लहान फाइल" किंवा तत्सम पर्याय दिसला तर तो बंद करा, जेबिग2 वापरायचंच असेल तर लॉसलेस आहे ना ते बघा.

पीडीएफ/ए झाली की व्हेरापीडीएफ नावाच्या फुकट टूलने तपासता येते. पण टूलने पास केलं म्हणजे मराठीचं काम झालं असं नाही. पीडीएफ/ए-1बी आणि 2बी फक्त एवढंच सांगतात की पान दिसायला कायम असंच दिसेल. आतला मजकूर खरा मराठी आहे की नाही याची हमी बी देत नाही. 2यू या प्रकारात प्रत्येक अक्षराला युनिकोड, म्हणजे कम्प्युटरसाठी त्या अक्षराचा ठरलेला नंबर, असणं सक्तीचं आहे, पण तो बरोबर आहे का हे टूलला कसं कळणार? म्हणून हाताने करायची टेस्ट: पीडीएफमधला एक परिच्छेद सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जुन्या श्रीलिपी किंवा डीव्ही-टीटी फॉन्टमधलं पुस्तक असेल तर रोमन अक्षरं, चिन्हं आणि टिंबांचा नुसता चिवडा येईल, कारण ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवून चालायचे, फाइलच्या लेखी तो मजकूर मराठी नाहीच. आणि फॉन्ट युनिकोड असला तरी निश्चिंत होऊ नका, पीडीएफमध्ये अक्षरं पानावर दिसतात त्या क्रमाने बसतात, त्यामुळे विकास कॉपी केलं की बरेचदा िवकास येतं, वेलांटी आधी आणि व नंतर, आणि मग कुणी विकास शोधला की शून्य रिझल्ट. अॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबून फॉन्ट्सचा टॅबही एकदा बघून घ्या, प्रत्येक फॉन्टपुढे एम्बेडेड लिहिलेलं हवं.

म्हणूनच तिसरी फाइल, मजकुराची. ही सगळ्यात लहान आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. साधी टेक्स्ट फाइल, यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत. अख्खी कादंबरी एक-दोन एमबीत बसते, आणि उघडायला नोटपॅड पुरे. पुस्तकात प्रकरणं, कविता, तळटिपा, चित्रं असतील तर ईपब करा. ईपब म्हणजे आतून झिप फाइल आहे, तिचं एक्स्टेंशन बदलून झिप करा, उघडा, आत वेबपेजसारख्या फाइल सापडतील, मजकूर सरळ वाचता येतो. समजा उद्या जगातला शेवटचा ईपब रीडर बंद पडला तरी पुस्तक हातात राहतं, याला म्हणतात टिकाऊ फॉरमॅट. 2023 पासून ईपब 3.3 डब्ल्यू3सी चं अधिकृत स्टँडर्ड आहे, आणि ईपबचेक नावाचं टूल फाइल तपासून देतं. फॉन्ट घालायचाच असेल तर मुक्ता किंवा नोटोसारखा खुल्या लायसन्सचा घाला. डीआरएम, म्हणजे वर सांगितलं तसं कुलूप, लावू नका, जपणूक आणि कुलूप एकत्र नांदत नाहीत.

मजकुरात मराठीचे दोन सापळे आहेत, दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. दुसऱ्या हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, एक ऱ ला हलन्त देऊन पुढे य, आणि दुसरा साध्या र ला हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, आणि मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, पण कम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. तसंच ॲ चं, हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली 5.1 आवृत्तीत आलं, त्याआधी आणि आजही बरेच कीबोर्ड अ ला वर चंद्र जोडून काम भागवतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एनएफसी), म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, चालवलं तरी या दोन गोष्टी तशाच राहतात, म्हणून सुरुवातीलाच ठरवा की आपल्या संग्रहात कुठलं रूप चालणार आणि प्रत्येक फाइलवर फाइंड-रिप्लेस करून घ्या. आम्हीही ठाण्यात नौपाड्याला पुस्तकं डिजिटल करतो, तिथे चार जण टाइप करतात, एक फोनवर, एक इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, दोघं गुगलच्या कीबोर्डवर, आणि प्रत्येकाचा ऱ्य वेगळा येतो. नियम कागदावर लिहून कम्प्युटरला चिकटवा. ओसीआरचा मजकूर प्रूफ न वाचता अंतिम म्हणून ठेवू नका, आणि प्रूफ वाचलेला नसेल तर तसं फाइलच्या सुरुवातीला लिहा, ते प्रामाणिक असतं.

बाकीचं पटापट सांगतो. फाइलचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, स्पेसऐवजी अंडरस्कोर, पान नंबर शून्य लावून, म्हणजे 7 नाही 0007, नाहीतर 10 नंबरचं पान 2 च्या आधी येऊन बसतं. मराठीत नाव देऊ नका, काही जुन्या सिस्टिम आणि झिप सॉफ्टवेअर त्याची वाट लावतात, मराठी नाव आतल्या नोंदीत लिहा. नोंदीसाठी एक सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, पुरे: नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, साल, पानं, कुणी स्कॅन केलं, कुठल्या मशिनवर, हक्कांची स्थिती. जुन्या पुस्तकावर शके असतो, त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79, पण नोंदीत शके जसा छापलाय तसाही लिहा. एक्सेलमधून सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-8 हाच पर्याय निवडा, नुसतं सीएसव्ही केलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. प्रत्येक फाइलचा शा-256 चेकसम, म्हणजे तिच्या बोटाच्या ठशासारखी खूण, काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा, 64 अक्षरांची ओळ असते, फाइलमधला एक बिट बदलला तरी ती बदलते, त्यामुळे दोन वर्षांनी डिस्क तपासताना कुठली फाइल बिघडली ते लगेच कळतं. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासून असते, वेगळं काही घ्यावं लागत नाही.

कॉप्या तीन, त्यातली एक गावाबाहेर. ठाण्यात एक आणि नेरूळला एक ठेवली की झालं असं वाटतं पण 26 जुलै 2005 आठवा, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला होता आणि पाणी काय एकट्या मुंबईत शिरलं नव्हतं. एक डिस्क पुण्याला किंवा नाशिकला कुणा नातेवाइकाकडे द्या. तळमजल्यावरच्या कपाटात तर मुळीच नको, आणि आपल्याकडची दमट हवा सीडी-डीव्हीडीला मानवत नाही, तेव्हा जुन्या सीड्यांवर काही असेल तर ते आधी हार्ड डिस्कवर घ्या.

हक्कांबद्दल थोडं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून, म्हणजे 1950 साली गेलेल्या लेखकाचं लेखन 1 जानेवारी 2011 ला खुलं झालं. अनुवादकाचे, चित्रकाराचे हक्क वेगळे मोजायचे. आणि 2012 च्या दुरुस्तीने कलम 52 मध्ये अशी सोय झाली की नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल तर जपणुकीसाठी ते डिजिटल करून ठेवता येतं. ठेवता येतं, नेटवर टाकता येतं असं नाही, हा फरक कमिटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना समजावून सांगा.

आता सगळ्यात घाईचं काम, आणि ते स्कॅनिंगचं नाहीच. 1990 ते 2010 च्या दरम्यान ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जी मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक निघाले ते बहुतेक पेजमेकर, कोरल ड्रॉ नाहीतर क्वार्कमध्ये लावलेले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7.0, 2001 ची. त्या फाइल उघडणारी इनडिझाइनची (पानं लावायचं अॅडोबीचं नंतरचं सॉफ्टवेअर) शेवटची आवृत्ती म्हणजे सीएस6, त्यापुढच्या आवृत्त्या त्यांना हात लावत नाहीत. फाइल उघडली तरी मूळ फॉन्ट नसेल तर पान कोरं किंवा चिवड्याचं, आणि त्या काळच्या काही मराठी सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे कम्प्युटरला लावायची किल्लीसारखी डबी, लागायचा, तो हरवला की संपलं. छापील प्रतींचं आयुष्य अजून पन्नास वर्षं असेल, या फाइलचं तेवढं नाही. तुमच्या ओळखीत जुने डीटीपीवाले काका असतील, त्यांच्याकडे कोपऱ्यात विंडोज एक्सपी चालणारा एखादा पीसी अजून असेल, तर याच महिन्यात जाऊन भेटा. त्या मशिनवर, त्याच फॉन्टसकट प्रत्येक पुस्तक उघडायचं, फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ काढायची, मूळ फाइल आणि फॉन्टच्या फाइल दोन्ही कॉपी करायच्या, आणि फॉन्टचं नेमकं नाव आणि आवृत्ती लिहून घ्यायची, कारण एकाच कंपनीच्या दोन फॉन्टची आतली मांडणी वेगळी असते आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरला चुकीची दिली की सगळा मजकूर फिरतो. युनिकोडमध्ये आणल्यावर रफार, पहिली वेलांटी, ऱ्य-ऱ्ह आणि जोडाक्षरं छापील प्रतीशी ताडून बघा, गडबड बहुतेक तिथेच सापडते. काकांना त्यांच्या वेळेचे पैसे द्या, पुस्तकांची यादी त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आणि निघताना तो पीसी फॉर्मॅट करू नका, भंगारात देऊ नका, आधी आम्हाला कळवा, एवढं सांगून या.